राजानं लिहिलेली टवाळी

दोन ग्लास बिअर आणि बटाट्याच्या वेफर्सचं एक पाकीट द्या हो! पब बंद व्हायची वेळ झालेली, काउंटरवर झुंबड उडालेली, मालकाचं लक्ष भलतीकडे. म्हणून हीच मागणी पुन्हा, आणखी मोठ्यानं, मग बेंबीच्या देठापासून ओरडून. एवढाच मजकूर असलेलं एक गाणं १९८० साली इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकावर जाऊन बसलं होतं. गाणाऱ्या मंडळींच्या बँडचं नाव होतं स्प्लॉजनेसअबाउंड्स. हे नाव जो वाचक न अडखळता एका दमात म्हणून दाखवील, त्याला वेफर्सचं पाकीट आमच्यातर्फे!

पंक संगीत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? कोंबड्याच्या तुऱ्यासारखे रंगवलेले केस, कानात सेफ्टी पिन, फाटके कपडे आणि कानठळ्या बसवणारी गिटार. १९७६-७७ च्या सुमारास लंडनमध्ये हा प्रकार उसळला, तेव्हा त्यात खरोखरीचा संताप होता. पोरांना नोकऱ्या नव्हत्या, घरात पैसा नव्हता, आणि रेडिओवर मात्र गोडगोड गाणी चालू होती. राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून १९७७ साली देशभर पताका लागल्या. नेमक्या त्याच वेळी सेक्स पिस्टल्स या बँडनं इंग्रजांच्या राष्ट्रगीताचं नाव उचलून राणीची खिल्ली उडवणारं गाणं बाजारात आणलं. बीबीसीनं ते वाजवायला नकार दिला, तरी यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. (की बीबीसीनं नकार दिला म्हणूनच गेलं? घरात ज्या डब्याला हात लावू नका म्हणून बजावावं, तोच डबा आधी रिकामा होतो, हे आपण जाणतोच.)

पण सगळ्यांनाच सतत चिडून राहणं जमत नाही. पाठोपाठ काही पोरं अशी आली की त्यांनी पंकचा सगळा थाट तसाच ठेवला, तीच आरडाओरड, तीच धडधड, आणि आत मात्र वेफर्सचं पाकीट भरलं. एका पत्रकारानं या प्रकाराला नाव दिलं ‘पंक पथेटिक’. केविलवाणं पंक म्हणा हवं तर. संडरलँड या गोद्यांच्या आणि कोळशाच्या गावातल्या टॉय डॉल्स नावाच्या बँडनं १९५६ सालचं एक बालगीत असंच पंकच्या घाण्यात घातलं. नेली नावाची हत्तीण सर्कस सोडून आपल्या कळपाकडे निघून जाते, अशी त्याची गोष्ट. १९८४ च्या नाताळात ते चौथ्या क्रमांकावर होतं. गंमत म्हणजे या गाण्यातली सर्कस येते ती आपल्या मुंबईत! त्याआधी १९७८ साली ‘जिल्टेड जॉन’ नावाच्या एका प्रेमभंग झालेल्या पोराचं रडगाणं असंच गाजलं. तो पोरगा म्हणजे खरं तर नाट्यशिक्षण घेणारा ग्रॅहॅम फेलोज हा विद्यार्थी होता आणि त्याचं ते रडणं हे सोंग होतं.

जाणकारांनी या मंडळींना फारसं जवळ केलं नाही. रागाची गाणी लिहिणाऱ्यांवर जाडजूड पुस्तकं निघाली, चर्चासत्रं झाली. हसवणाऱ्यांच्या वाट्याला एखादी तळटीप आली. हे आपल्याला ओळखीचं वाटेल. दादा कोंडक्यांच्या चित्रपटांना घरातली शिकली-सवरलेली माणसं नाकं मुरडायची आणि तरीही त्यांच्या एकामागून एक चित्रपटांचे रौप्यमहोत्सव व्हायचे. तिकिटं काय भुतं काढत होती?

तर प्रश्न असा की टवाळीच्या गाण्याला वजन असतं का? याचं उत्तर शोधायला लंडनला जायची गरज नाही. मद्रासहून रात्रीची गाडी पकडावी (आता चेन्नई म्हणायचं), सकाळी तंजावूरला उतरावं.

आधी त्या राष्ट्रगीताचंच बघा. तंजावूर राज्यातल्या तिरुवारूर गावी मुत्तुस्वामी दीक्षितर जन्मले. कर्नाटक संगीतात त्यांचा मान एवढा की त्यांचं नाव घेताना गवई कानाच्या पाळीला हात लावतील. तरुणपणी ते मद्रासजवळ मणलीला राहत असताना त्यांच्या कानावर कंपनी सरकारच्या गोऱ्या बँडचे सूर पडले. त्या सुरांवर त्यांनी संस्कृत शब्द बसवले. या रचनांना तिकडे ‘नोट्टुस्वर’ म्हणतात आणि लहान मुलांना त्या आजही हौसेनं शिकवतात. त्यातल्या एका रचनेची चाल चक्क इंग्रजांच्या राष्ट्रगीताची आहे. देवानं राजाला सांभाळावं असं गोरा शिपाई ज्या सुरात म्हणत होता, त्याच सुरात दीक्षितरांनी देवीला म्हटलं, बाई, तू आम्हाला सांभाळ. राजा गायब! ही टवाळी होती असं मी म्हणणार नाही, दीक्षितर सात्त्विक गृहस्थ होते. पण सेक्स पिस्टल्सच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी कुणीतरी त्या गाण्यातून राजाला इतक्या सहज उठवून बाजूला बसवलं होतं, हे त्या बँडच्या पोरांना कळलं असतं तर त्यांनी सेफ्टी पिन काढून नमस्कार केला असता.

खरी टवाळी मात्र याच्याही शंभर वर्षं आधीची आहे, आणि ती केली होती एका मराठी राजानं.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी, म्हणजेच व्यंकोजीराजे, १६७६ च्या सुमारास तंजावूरच्या गादीवर बसले, हे शाळेत आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्यापुढचं शाळेत कुणी सांगत नाही. एकोजींचे चिरंजीव शहाजी (आजोबांचंच नाव) यांनी १६८४ पासून १७१२ पर्यंत राज्य केलं. हा राजा हाडाचा नाटककार होता. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांच्या दरबारातलं मराठी नाटक १६९० च्या सुमाराचं. आपण मराठी रंगभूमीचा वाढदिवस मोजतो तो सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं तिथपासून. म्हणजे तंजावूरला तोवर मराठी नाटकाचं दीडशे वर्षांचं म्हातारपण आलं होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

शहाजीराजांचं आणखी एक नाटक आहे, ‘पंचभाषाविलास’. द्राविड देशाची, आंध्राची, महाराष्ट्राची आणि उत्तर देशाची अशा चार राजकन्या कृष्णाच्या प्रेमात पडतात. जी ती आपल्या भाषेत बोलते: तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी. कृष्ण बिचारा संस्कृतात. आज आंतरप्रांतीय लग्नात व्याही-विहिणींची जी तारांबळ उडते, ती या राजानं तीनशे वर्षांपूर्वी रंगमंचावर मांडली होती. राज्यच तसं होतं. रयत तमिळ, आधीच्या नायक राजांपासून दरबारी काव्याची भाषा तेलुगू, पंडितांची संस्कृत, नवे राज्यकर्ते मराठी. चौघांनाही हसू येईल असा विनोद लिहायचा म्हणजे पाच पाहुण्यांना पुरेल असं एकच कालवण करण्यासारखं.

आणि मग येतं ते नाटक, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. ‘सतीदानशूरमु’. भाषा तेलुगू, कर्ता मराठी राजा शहाजी, आणि नायकाचं नाव मोरोभटलू. शेवटचा तेलुगू ‘लू’ काढून टाका, म्हणजे आपला मोरोभट उरतो. पुण्या-सासवडच्या कुठल्याही वाड्यात सापडला असता असा. सती म्हणजे इथे पत्नी. पत्नीचं दान करण्यात शूर, त्याचं हे नाटक.

विष्णूच्या देवळात उत्सव चालू आहे. गर्दीत वेदशास्त्रसंपन्न मोरोभट आपल्या शिष्याला घेऊन आले आहेत. तिथे त्यांच्या नजरेला एक बाई पडते आणि भटजींचं चित्त देवावरून उडून थेट तिच्यावर जाऊन बसतं. ही बाई त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीतली. शिष्य हबकतो. गुरुजी, हे काय, म्हणून समजावू लागतो. एरवी शिष्यानं विचारायचं आणि गुरूनं शास्त्रार्थ सांगायचा. इथेही तसंच चालतं, फक्त गुरुजींची सगळी विद्या आता एकाच कामाला जुंपलेली आहे. आपला मोह बरोबर कसा, हे ते आयुष्यभर पाठ केलेल्या ग्रंथांच्या जोरावर सिद्ध करू पाहतात. ती बाई स्वतः आपली जात सांगते, दूर राहा म्हणते. शुद्ध-अशुद्धाची जी भिंत मोरोभटांनी आणि त्यांच्या वाडवडिलांनी बांधली, तिची आठवण भटजींना तीच करून देते आणि भटजीच ती भिंत ओलांडायला धडपडतात. शेवटी बाईचा नवरा येतो. भटजी दान मागतात. दान मागणं हा तर त्यांचा धंदाच! आणि नवरा बायको दान करायला तयार होतो. नाटकाचं नाव त्याच्यावरून.

या नाटकाची कळ कुठे आहे बघा. यक्षगान हा प्रकार गाण्याबजावण्याचा, देवादिकांच्या लग्नांचा आणि लीलांचा. प्रेक्षक हात जोडून बसायचे. शहाजीनं तोच साचा घेतला, तीच पदं, तोच ताल, आणि आत घातला घामाघूम झालेला मोरोभट. दान हे केवढं पवित्र कर्म; पुराणांत हरिश्चंद्रानं राज्य दिलं, कर्णानं कवचकुंडलं दिली. इथे त्याच भारदस्त शब्दाचं काय होऊन बसलं! स्प्लॉजनेसअबाउंड्सनं क्रांतीच्या चालीवर वेफर्स मागितले, त्याच जातीची ही युक्ती आहे. साचा जेवढा गंभीर, तेवढं आतलं सामान क्षुल्लक. आणि हसू त्या दोघांच्या मधल्या फटीतून येतं.

फरक एवढाच की इंग्लंडची पोरं रस्त्यावरची होती, आणि इथे टवाळखोर स्वतः सिंहासनावर बसला होता. राजानं भटजींची टिंगल करावी यात मोठं धाडस काय, असं कुणी विचारील. विचारावंच. मोरोभटांना राजाला उलट उत्तर देण्याची सोय नव्हती. शिवाय याच शहाजीनं १६९३ साली कुंभकोणमजवळचं तिरुविशनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना इनाम दिलं. त्या गावाला शाहजिराजपुरम असंही नाव पडलं. एका हातानं पंडितांना गाव दिलं आणि दुसऱ्या हातानं पंडिताचं सोंग लिहिलं. ज्यांची टिंगल, त्यांची पोटंही राजाच भरत होता. अशा वेळी हसणं भाग असतं. साहेबांनी विनोद केला की कचेरीत सगळे हसतात, तशातलं थोडंसं.

पण एवढ्यावर त्या नाटकाला निकालात काढता येत नाही, कारण त्याच तिरुविशनल्लूरची दुसरी एक गोष्ट आहे. तिथे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ नावाचे सत्पुरुष राहत. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी दारात एक भुकेला अस्पृश्य माणूस आला आणि ब्राह्मणांसाठी केलेलं श्राद्धाचं अन्न अय्यावाळांनी त्याला वाढलं. गावच्या ब्राह्मणांनी त्यांना वाळीत टाकलं. गंगेत स्नान करून आल्याशिवाय शुद्ध होणार नाहीस म्हणून बजावलं. तेव्हा गंगाच त्यांच्या घरच्या विहिरीत उसळून आली, अशी कथा आहे. आजही कार्तिगै महिन्यातल्या अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्यानं स्नान करायला माणसांची रांग लागते. विहिरीत गंगा आली की नाही, हा श्रद्धेचा भाग. तो ज्याचा त्यानं ठरवावा. पण एकाच राज्यात, एकाच पिढीत, शिवाशिवीचा प्रश्न एका ठिकाणी भक्तिकथा झाला आणि दुसऱ्या ठिकाणी फार्स. याचा अर्थ तो प्रश्न लोकांच्या डोक्यात चांगलाच घोळत होता. कीर्तनात ज्याला रडू आलं असेल, तोच प्रेक्षक नाटकात पोट धरून हसला असेल.

मला या नाटकात खटकतं ते वेगळंच. सगळ्यात शहाणं कोण बोलतं? ती बाई. भटजींना भानावर आणायचा प्रयत्न ती करते, धर्म कळत नाही म्हणून जिला देवळापासून दूर ठेवलं तीच धर्म सांगते. आणि दान कुणाचं होतं? तिचंच. शूर कोण ठरतो? तिचा नवरा. तिला कुणी विचारलंय का, बाई, तुला जायचंय का? नाटकाच्या नावात ती आहे ती वस्तू म्हणून. दोन पुरुष एकमेकांना मोठेपणा देतात आणि मध्ये ती उभी. शहाजीराजांनी मोरोभटाची झूल इतक्या सफाईनं उतरवली, पण या ठिकाणी त्यांची लेखणीही इतर कुणाही पुरुषाच्या लेखणीसारखीच चालली. आज हे नाटक कुणी मंचावर आणलं तर निम्मे प्रेक्षक भटजींचा अपमान झाला म्हणून उठतील, निम्मे त्या बाईच्या जातीचा झाला म्हणून, आणि ज्या गोष्टीवरून खरोखर उठायला हवं, तिच्याबद्दल बोलणाऱ्या चार बायका मागच्या रांगेत असतील. प्रयोग मात्र व्हायला हवा. भांडण झालं तरी चालेल. तीनशे वर्षं पोथीत गप्प पडून राहण्यापेक्षा भांडण बरं.

तंजावूरच्या विनोदाला शहाजीराजांपाशी सुरुवात झाली आणि तिथेच तो संपला असं नाही. तंजावूरपासून अठरा किलोमीटरवर मेलात्तूर नावाचं खेडं आहे. तिथे दर वैशाखात नरसिंह जयंतीला ‘भागवत मेळा’ होतो. तेलुगू नाटकं, रात्रभर, देवळासमोर, आणि स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात. प्रल्हादाच्या नाटकात नरसिंहाचा मुखवटा घालणारा त्या दिवशी उपास करतो, इतकं ते गंभीर. पण रंगमंचावर सगळ्यांत आधी कोण येतं? कोणंगी. टोकदार टोपी घातलेला विदूषक. तो नाचून जातो, पोरं खिदळतात, आणि मग देव यायला मोकळे होतात. आपल्याकडे तमाशात गणानंतर गवळणीत मावशी आणि सोंगाड्या येतात, नाही का? तसंच काहीसं. हसल्याशिवाय माणूस नीट बसत नाही हे खेड्यातल्या नटांना नाट्यशास्त्राच्या पंडितांइतकंच ठाऊक होतं.

पुढे दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. हे जर्मन मिशनरी श्वार्त्झच्या देखरेखीखाली वाढलेले, सतत पुस्तकं जमवणारे. सरस्वती महाल ग्रंथालयाची आजची कीर्ती मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांना एक अडचण पडली: जगाचा नवा भूगोल लोकांना कसा सांगावा? धडे काढावेत तर कोण वाचणार? मग त्यांनी ‘कुरवंजी’ हा तमिळ मुलखातला लाडका प्रकार मराठीत आणला. कुरवंजी म्हणजे डोंगरातली भविष्य सांगणारी भटकी बाई. नेहमीच्या कुरवंजीत ती विरहानं झुरणाऱ्या नायिकेचा हात बघून ‘तुझा सखा येईल गं’ असं सांगते आणि मोबदल्यात दागिने घेऊन जाते. मग तिचा नवरा तिला शोधत येतो आणि संशयानं विचारतो, हे पायात काय वेटोळं घातलंय? ती सांगते, पैंजण आहे बाबा. हे गळ्यात काय? हार. अशी त्यांची जुगलबंदी चालते आणि प्रेक्षकांतले नवरे आपापल्या बायकांकडे बघतात. सरफोजींच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त मात्र ही बाई थेट इंद्राच्या राणीसमोर उभी राहते आणि भविष्याऐवजी सांगते भूगोल! खंडं, देश, समुद्र, सगळं पदांतून. स्वर्गातल्या राणीला पृथ्वीचा नकाशा शिकवते कोण, तर रानातली फिरस्ती बाई. हे मराठीत, तंजावूरला, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. विनोद करावा म्हणून केलेला नसेल, पण मला तरी ती इंद्राणी हनुवटीवर बोट ठेवून आफ्रिका कुठे, अमेरिका कुठे, हे ऐकत बसलेली दिसते आणि हसू येतं.

हे झालं राजांचं आणि देवळांचं. रस्त्यावर काय होतं?

रस्त्यावर लावणी होती. दचकू नका. मराठ्यांबरोबर लावणी तंजावूरला गेली, डफ आणि तुणतुणं बरोबर घेऊन, आणि तिथे तिनं तमिळ नेसूचं घेतलं. कावेरीच्या खोऱ्यातल्या खेड्यांत तमिळ लावणी गायली जाते ती मासी महिन्यातल्या कामन पंडिगैला. म्हणजे आपल्या होळीच्या सुमाराला. शंकरानं तिसरा डोळा उघडून मदनाला भस्म केलं, त्याचा हा उत्सव. गावात दोन पक्ष समोरासमोर बसतात. एक म्हणतो मदन जळाला. दुसरा म्हणतो जळालाच नाही. झालं! मग पुराणांचे दाखले निघतात, कोड्यात प्रश्न घातले जातात, उत्तर नाही आलं की चिमटे काढले जातात, समोरच्याच्या ज्ञानापासून अवतारापर्यंत सगळ्याची खिल्ली उडते आणि हे सगळं ठेक्यात. आपल्या कलगी-तुऱ्याचा हा सख्खा भाऊ. इकडे तुरेवाले शिवाला मोठा म्हणतात, कलगीवाले शक्तीला. तिकडे वाद मदनाच्या राखेवरून.

वादाचा विषय बघायला गेला तर केवढा मिस्कील आहे! मदन जळाला म्हणावं, तर गावात दरवर्षी लग्नं कशी ठरतात, पोरं कशी जन्माला येतात? जळाला नाही म्हणावं, तर शंकराच्या तिसऱ्या डोळ्याची किंमत काय राहिली? कुठल्याही बाजूला बसा, अडकायचंच. शहाजीचा मोरोभट तरी दुसऱ्या पक्षाचा साक्षीदार म्हणून उभा करता आला असता: हे बघा, इतके वेद पढलेला माणूस, भर उत्सवात, आणि तुम्ही म्हणता मदन जळाला!

आपल्याकडे शिमग्याला बोंब मारायची मुभा असते. वर्षभर ज्याला रामराम घालायचा, त्याच्या नावानं त्या दिवशी ओरडायचं. साठच्या दशकात वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगात राजा आणि कोतवालाची जी रेवडी उडाली, ती याच परवान्यावर. मात्र सवलत एका दिवसाची असली की तिचा उपयोग कुणाला होतो, हा प्रश्न उरतोच. दुसऱ्या दिवशी पाटील पाटीलच असतो. लंडनच्या पोरांनी निदान तो दिवस जरा लांबवला, दोन-तीन वर्षं तरी.

तंजावूरच्या बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर एक लांबच लांब मराठी शिलालेख आहे. १८०३ साली सरफोजींनी तो कोरवला. भोसले वंशाचा सगळा इतिहास, कोण कुणाचा मुलगा, कुणी कुठली लढाई केली, सगळं दगडावर. त्याच्यासमोर उभं राहून वाचू लागलं की मान दुखते. अक्षर देवनागरी, भाषा आपली, आजूबाजूला सगळे तमिळ यात्रेकरू. महाराष्ट्रातून गेलेले आपले लोक तिथे फोटो काढतात, छाती फुगवतात. फुगवावी. पण त्या वंशातल्या ज्या राजानं मोरोभट लिहिला, त्याच्या विनोदातली एक ओळ त्या दगडावर नाही. विनोद पोथ्यांत गेला, पोथ्या सरस्वती महालात. काही ग्रंथालयानं छापल्या, तंजावूरची मराठी नाटकं संपादून काढणाऱ्या अभ्यासकांचे आपल्यावर उपकार आहेत. पण सांगली-कोल्हापूरच्या एखाद्या नाट्यवेड्याला विचारा, शहाजीराजांचं नाटक वाचलंय का? तो म्हणेल, कुठले शहाजीराजे, शिवाजी महाराजांचे वडील? आणि लावणी तर पोथीतही नीट गेली नाही. ती गाणाऱ्याच्या गळ्यात. गाणारे म्हातारे होत चालले आहेत आणि त्यांच्या नातवंडांच्या हातात मोबाइल आहे.

लढाईची नोंद दगडावर, राजाचा विनोद ताडपत्रावर आणि कागदावर, रस्त्यावरचा विनोद हवेत. वेफर्सवाल्यांचं नशीब एवढंच की त्यांच्या काळात तबकड्या निघत होत्या.

तंजावूरची मराठी अजून बोलली जाते, हे मात्र सांगायला हवं. १८५५ साली कंपनीनं राज्य खालसा केलं, पण माणसं तिथेच राहिली. आता त्यांतली पुष्कळ चेन्नई, बंगळूर आणि परदेशात विखुरली आहेत. आपण राजवाड्याजवळच्या दुकानात पितळी दिव्याची किंमत आपसात मराठीतून ठरवू लागतो, ‘जास्त सांगतोय हं हा, चल पुढे’ वगैरे. आणि गल्ल्यामागचे भस्म लावलेले आजोबा तमिळ हेल काढून शांतपणे मराठीतच म्हणतात की किंमत बरोबर आहे, दिवा वजनदार आहे. आमच्या बाबतीत अगदी असंच घडलं. दिवा घ्यावा लागला. आजोबांच्या चेहऱ्यावरचं हसू बघून मी मनात म्हटलं, शहाजीराजांची माणसं!

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: मेलात्तूरचा मेळा नरसिंह जयंतीच्या आगेमागे काही रात्री चालतो, बसायला सतरंजी आणि डासांसाठी काहीतरी बरोबर ठेवा. उन्हाळा कडक असतो. सरस्वती महालाचं छोटं संग्रहालय राजवाड्याच्या आवारातच आहे; मूळ ग्रंथ हाताळता येत नाहीत, पण ग्रंथालयाची प्रकाशनं विकत मिळतात, त्यात मराठी पुस्तकंही असतात, किंमती आपल्याकडच्या मानानं किरकोळ. कामन पंडिगैची लावणी ऐकायची तर होळीच्या सुमाराला खेड्यांतच जावं लागेल, आणि बरोबर एखादा तमिळ जाणणारा हवा. त्याला आधीच सांगून ठेवा की प्रश्न तेवढे समजावून दे. उत्तरांना लोक हसतात कधी, त्यावरून तुमचं तुम्हाला कळेल.